लावणाऱ्याने वाजवू नये

जुन्नर
९ फेब्रुवारी २०२५

भिमाजी,

तुझे फोन येऊन गेलेले दिसले. उचलले नाहीत म्हणून रागावू नकोस. साइटवर दिवसभर कटर चालतो. त्यात कोण काय बोलतं ते कळत नाही. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "चाचा, कोर्टाचं हाय का?" मित्राला लिहायचंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

काम घेतलं आहे. कळंबला, हायवेच्या कडेला, नवं मंगल कार्यालय होतंय. पुढची पूर्ण भिंत काळ्या दगडाची. पण आपण पूर्वी बांधायचो तशी नाही. भिंत काँक्रीटची, तिला बाहेरून दगडाच्या इंचभर जाडीच्या लाद्या चिकटवायच्या. पुण्याच्या आर्किटेक्ट बाईंना ती शिवनेरीच्या तटासारखी दिसायला हवी आहे. दिसेल. पूर्वी दगड भिंतीचं ओझं उचलायचा. आता भिंत दगडाचं उचलते. लांबून फरक कळत नाही.

सिमेंट नाही, केमिकल आहे. पोत्यातून येतं. पाण्यात कालवायचं, दातेरी थापीने भिंतीवर ओढायचं, ओलं आहे तोवर दगड दाबायचा. हाताला सोपं आहे.

ठेकेदार तुमच्या पिंपळवंडीचाच, मोहित. तुझ्या शेजारच्या सोनीबाईचा नातू. पोरगा वाईट नाही. घाईत असतो. त्याला अब्बांचा नियम सांगितला की ज्याने दगड लावला त्याने तो ठोकून, वाजवून बघायचा नाही, दुसऱ्याने बघायचा. तो म्हणाला, का? मी म्हणालो, आपल्या पोराचं रडणं आपल्याला गाणं वाटतं. लावणाऱ्याला मागून पोकळ राहिलेला दगडसुद्धा भरलेला ऐकू येतो. तो हसला. "चाचा, मग तुमी लावा आन् तुमीच वाजवा. घरचंच कार्य समजा."

आपण फरशीपासून सुरुवात केली तेव्हापासून मी लावले आणि तू वाजवलेस. तू बेंगळुरूला गेलास, आता वाजवायला कोणी नाही. बघतो काय ते.

पोर्चच्या वरचं काम सर्वांत शेवटी आहे. नवरदेव उतरतो, त्याला ओवाळतात, वरात थांबते, ती जागा. खाली उभं राहून मी एकदा वर पाहिलं. बरीच उंच आहे.

समृद्धी शाळेत रुळली का? सूनबाईंना दुआ सांग.

हनीफ


बेंगळुरू
२० फेब्रुवारी २०२५

हनीफभाई,

पत्र पोचलं. खालच्या वॉचमनने ते दोन दिवस ठेवून घेतलं. त्याला वाटलं, जाहिरात आहे.

इथे छान आहे. आदेश आणि सूनबाई सकाळीच कामावर जातात. समृद्धीची बस येते, तिला बसवून देतो, दुपारी उतरवून घेतो. बाकी वेळ माझाच. बिल्डिंगच्या खाली मोठा हॉल आहे, त्याचे खांब दगडाने मढवलेले. ग्रॅनाइट. पहिल्याच आठवड्यात मी ते वाजवले. सवय. एक खांब कमरेपासून वर पूर्ण पोकळ. वॉचमन धावत आला. त्याला मराठी येत नाही, मला कन्नड येत नाही. मी खांब वाजवून दाखवला, "पोकळ, पोकळ." त्याने आदेशला फोन लावला. आदेश संध्याकाळी म्हणाला, "बाबा, असं करत नका जाऊ. लोक विचारतात."

आता मी त्या खांबाजवळ उभा राहत नाही. समृद्धीलाही दुसऱ्या बाजूने नेतो.

तू काम घेतलंस हे वाचून बरं वाटलं नाही. आपलं ठरलं होतं. मी निघालो की तूही थांबणार होतास. आता घेतलंच आहेस तर वाजवायला माणूस ठेव. मोहितचं ऐकू नकोस. तू वाजवू नकोस. दुसरा माणूस मिळत नसेल तर काम सोड.

तुझा
भिमाजी


जुन्नर
९ मार्च २०२५

भिमाजी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू तिकडे गेलास म्हणून मी इकडे हातोडी खुंटीला टांगावी, असं तुझं म्हणणं दिसतं. तू नसलास तरी भिंती उभ्या राहतात. घरी बसून मी काय करू? नजमुन्निसा होती तेव्हा रविवारीसुद्धा घर चालायचं. आता सुट्टी असली की मी जिना धुतो. परवा धुतलेला जिना पुन्हा धुतला.

रोजे चालू आहेत. सकाळी पहिल्या एसटीने नारायणगाव, तिथून कळंब. ऊन वाढलं आहे. आपली भिंत पश्चिमेची, दुपारनंतर तिच्यावर हात ठेववत नाही. तरी काम वेगाने चाललं आहे. अर्धी भिंत झाली. आर्किटेक्ट बाई येऊन फोटो काढून गेल्या. मोहितने पहिलं लग्न घेऊनसुद्धा टाकलं, अक्षय्य तृतीयेचं. पत्रिका छापल्या म्हणे.

वाजवायला माणूस मिळाला आहे. माणूस म्हणजे बाई. भागू. मढची आहे, केमिकल कालवते. तिला हातोडीचा दांडा दिला, कसं ठोकायचं ते दाखवलं. भरलेला दगड टणक बोलतो, पोकळ बद्द बोलतो. लगेच शिकली. मी दगड लावतो, खाली उतरतो, ती चढते, ठोकते, माझ्याकडे बघून मान हलवते. मग मी पुढची ओळ धरतो. तुझ्यासारखं तिचं नाही. तू प्रत्येक दगडाला शिव्या घालायचास.

तेव्हा काळजी नको. आपल्याशिवाय कोणाचं अडतं, असं मनात धरू नये.

हनीफ


बेंगळुरू
१९ मार्च २०२५

हनीफभाई,

बरं. नाही धरत.

तुझ्या भागूबाईला एक विचार. आतापर्यंत किती दगडांना ती पोकळ म्हणाली? तुझ्या पत्रात एकही नाही. पत्र मी तीन वेळा वाचलं. अर्धी भिंत झाली आणि एकही दगड पोकळ निघाला नाही. हनीफ, आपल्या दोघांच्या हातून असं कधी झालं नाही. ओतूरच्या पेट्रोल पंपाला तर आपण अख्खी ओळ उतरवली होती आणि तू माझ्याशी जेवताना बोलला नव्हतास.

दुसरं. इथे शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू आहे. मी बाल्कनीतून बघत असतो. ते लोक दुपारी दगड लावत नाहीत. सकाळी लावतात आणि भिंतीवर ओली गोणपाटं सोडतात. तुझी भिंत पश्चिमेची. केमिकल उन्हात वरून सुकत असेल. बोट लावून बघतोस ना?

मी रागाने लिहीत नाही. इथे मला रागवायला कोणी नाही. समृद्धी गोड आहे, पण माझं अर्धं बोलणं तिला कळत नाही. "आजोबा, से इट प्रॉपरली," म्हणते. काल मी तिला म्हणालो, लई शानी झालीस. तिने ते शाळेत कोणाला तरी म्हणून दाखवलं. घरी चिठ्ठी आली, हे काय शिकवता म्हणून.

बाकी मजेत.

भिमाजी


जुन्नर
३ एप्रिल २०२५

भिमाजी,

ईद झाली. संगमनेरहून बुशरा येऊन गेली. जावईबापू, मुलं, सगळी. शीरखुर्मा केला. संध्याकाळी परत गेली.

नमाजाला ईदगाहवर गेलो होतो. तुला आजवर सांगितलं नाही ते सांगतो. इमामसाहेबांचा आवाज मला येत नाही. लाउडस्पीकर असूनही येत नाही. बरेच दिवस झाले. मी शेजारचा वाकला की वाकतो, तो बसला की बसतो. या वेळी माझ्या शेजारी एक लहान मूल होतं. ते मध्येच उठून चपला शोधायला गेलं. मी पण उठलो. सगळे सजद्यात कपाळ टेकून होते आणि मी एकटा उभा.

समोर बसून कोणी बोललं तर ओठांवरून कळतं. मागून हाक मारली तर नाही. फोनवर तर काहीच नाही. कटरचं कारण खोटं होतं.

आता भिंतीचं. तुझं पत्र आल्यावर मी भागूकडे नीट बघायला लागलो. ती एका दगडावर ठोकत होती. ठोकता ठोकता तिने डोळे बारीक केले, पुन्हा ठोकलं, मग माझ्याकडे वळून मान हलवली. भरलेला. मी तिला खाली बोलावलं. समोर बसवलं. म्हटलं, खरं सांग. ती आधी पदर तोंडावर घेऊन बसली. मग म्हणाली, "उस्ताद, तुमी लावल्याला दगूड पोकळ हाय, आसं मी कोन सांगनार? माज्या घरच्यांनी आईकलं तर मारत्याल मला. मोठ्या मान्साला आसं तोंडावर म्हनत न्हाईत."

मी तिला वाजवायला दिलं तेव्हा तिला वाटलं, हा मान देण्याचा प्रकार आहे. कोनशिला बसवताना नारळ द्यावा तसा. तिचं काम फक्त मान हलवायचं.

आता तिला म्हटलं, मन लावून ऐक आणि खरं काय ते बोल. तर आता ती घाबरली आहे. तिला सगळेच पोकळ वाटतात.

पोर्चच्या वरची भिंत पूर्ण झाली आहे. ती मी रोज्यात लावली, दुपारच्या वेळी. बोट लावून बघायचो, ओलं लागायचं. आता वाटतं, घाम असेल.

मोहितला सांगितलं तर काम जाईल. फक्त हे नाही, पुढचं सगळं. जुन्नरपासून मंचरपर्यंत सगळ्यांना कळेल की हनीफला ऐकू येत नाही. मग मला भिंतीला हात लावू देणारा कोणी उरणार नाही. नाही सांगितलं तर अक्षय्य तृतीयेला त्या दगडांखाली वरात उभी राहणार आहे.

भागूच्या फोनवर ठोकण्याचा आवाज भरून आदेशच्या नंबरवर पाठवतो. त्यावरून कळतं का बघ. नाही कळलं तर तू ये. एक दिवस. हे लिहायला मला अवघड गेलं.

हनीफ


बेंगळुरू
११ एप्रिल २०२५

हनीफभाई,

मला माहीत होतं.

फार पूर्वीपासून नाही. राजुरीच्या बंगल्यापासून. मी परांचीवरून तुला ओरडून सांगितलं की हा दगड उतरव, तू खाली चहा पीत होतास, वळला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून मी खडू आणला. पोकळ दगडावर फुली मारायला लागलो. तू विचारलंस, ही काय नवी तऱ्हा? मी म्हणालो, पेपरात वाचलं. तू खडूची चेष्टा केलीस. "भिमाजी मास्तर" म्हणायचास.

तुला तेव्हा सांगायला हवं होतं, असं मला वाटत नाही. तू वळत नव्हतास, मी फुली मारत होतो, काम होत होतं. मी निघताना वाटलं, आता तू थांबशीलच. तू थांबला नाहीस. मग मी "वाजवू नकोस" लिहिलं. तू त्याचा भलताच अर्थ घेतलास.

फोनचं विचारू नकोस. तू उचलणार नाहीस हे माहीत असून मी करायचो. जुन्नरला तुझ्या घरात काहीतरी वाजतंय, एवढंच.

भागूबाईने पाठवलेलं ऐकलं. फोनमध्ये सगळे दगड सारखेच वाजतात. पत्र्यावर खडे टाकल्यासारखे. आदेशने आवाज मोठा करून दिला, हेडफोन दिले. नाही कळत.

मी येतो. आदेश नको म्हणत होता. "बाबा, एक भिंत ठोकायला इतक्या लांब?" सूनबाईंनी एका आठवड्यासाठी समृद्धीला शेजारच्यांकडे ठेवायचं ठरवलं, तेही अर्ध्या दिवसात. म्हणजे माझ्यावाचून अडत नव्हतंच. आदेशने तिकीट काढलं आहे. येण्याचं आणि परतीचं, दोन्ही एकदमच. एक मुक्काम मिळतो.

खडू घेऊन ठेव. पांढरा.

भिमाजी


बेंगळुरू
७ मे २०२५

हनीफभाई,

मी परत येऊन दोन आठवडे झाले. अक्षय्य तृतीया होऊन गेली. तुझं पत्र नाही. आदेशकडे कळंब-मंचरकडच्या कोणाचा नंबर नाही. भागूबाईचा फोन लागत नाही. रोज संध्याकाळी मी आदेशला विचारतो, "कळंबची काही बातमी?" तो मोबाइलवर बघतो आणि म्हणतो, "काही नाही बाबा, म्हणजे चांगलंच आहे ना."

पोर्चच्या वर फुल्या पडत गेल्या तेव्हा मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. एका ओळीत तर सलग. मी उतरलो, तू वर पाहिलंस, आणि तू म्हणालास, "चल, जेवून घेऊ." कार्यालयाच्या मागे बसून भागूबाईची पिठलं-भाकरी खाल्ली. तू हात धुवायला गेलास तेव्हा मोहित माझ्याजवळ आला.

"काका, चाचांना आईकाय येत न्हाई ना?"

"त्याला माझं ऐकायचं नसतं. तुझं काय ऐकणार?"

"तसं न्हाई, मला वाटलं. आन् ह्या फुल्या? पुसाव्या लागत्याल. डेकोरेशनवाले उद्या माप घ्यायला येत्यात."

"दगड उतरले की आपोआप जातील."

तो हसला. मी थट्टा केली असं त्याला वाटलं असावं. मी पुढे बोललो नाही. ते तू बोलायचं होतंस, तुझं काम होतं.

म्हणून विचारतो. दगड उतरवलेस की फुल्या पुसल्यास?

तू पुसल्या असतील तरी मला लिही. मी कोणाला सांगणार नाही. सांगायला इथे आहे कोण?

अजून एक. नारायणगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. तू माझी बॅग घेऊन पुढे चालत होतास. मी मागून विचारलं, "हनीफ, राहू का मी?" तू बॅग वर चढवलीस आणि खिडकीची जागा धरून दिलीस. मी समोर येऊन पुन्हा विचारायला हवं होतं. गाडीत बसल्यावर सुचलं. मग म्हटलं, राहू दे, उत्तर मिळालं.

भिमाजी


जुन्नर
१ जून २०२५

भिमाजी,

उशीर झाला. हाताला लागलं होतं, लिहिता येत नव्हतं. आता बरं आहे. दगड उतरवताना लागलं.

तू गेलास त्याच संध्याकाळी मी मोहितला समोर बसवलं. म्हटलं, फुली मारलेले सगळे दगड उतरवायचे. तो म्हणाला, लग्न तोंडावर आहे, पत्रिका वाटून झाल्या, मागाहून करू. मग मी सांगितलं की मला ऐकू येत नाही. मी लावलेल्या दगडांचं मला काही कळत नाही. ज्याला कळतं तो बेंगळुरूच्या गाडीत बसला आहे. मोहित बराच वेळ बोलत होता. तोंड फिरवून बोलत होता, त्यामुळे काय म्हणाला ते माहीत नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "आदी सांगायचं व्हतं ना, चाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परांचीवर चढलो. कोणी चढ म्हणालं नव्हतं. कोणी उतर म्हणालं असेल तर मला माहीत नाही. खालच्या फटीत छिन्नी घालून जरा उचलली की दगड हातात येत होता. ओढावासुद्धा लागत नव्हता. मागे केमिकलच्या रेघा थापीने ओढल्या तशाच उभ्या, वरून सुकलेल्या. दगड त्यांना नुसता टेकून होता. सगळे दुपारी लावलेले. भागू खालून दोरीने घेत होती. एक हातातून सुटला आणि पोर्चच्या फरशीत रुतला. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. मग मोहित स्वतः वर आला आणि उरलेले माझ्याबरोबर उतरवले. मोबाइल खिशात ठेवून. दिवसभर.

तुझ्या फुल्यांमधला एक दगड मात्र भरलेला निघाला. काही केल्या निघेना, फोडावा लागला. हात तिथेच चेपला. तुझंही वय झालं आहे, भिमाजी मास्तर.

लग्न झालं. उघड्या काँक्रीटवर डेकोरेशनवाल्यांनी झेंडूच्या माळा सोडल्या. मी गेलो होतो. बोलावणं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या बाकावर बसलो. नवरदेव पोर्चखाली उतरला. बायका ओवाळायला पुढे आल्या. वरात तिथेच नाचत राहिली, कोणी आत जाईना. डीजे होता. मला छातीत कळत होता. एका पोराने वर बघून माळांचा फोटो काढला. मी ते सगळे आत जाईपर्यंत बसलो आणि उठलो.

राहिलेलं काम राजस्थानच्या माणसांना दिलं आहे. ते सकाळचंच लावतात, गोणपाट सोडतात. मोहितने मला चहा पाजला आणि म्हणाला, "चाचा, लई केलं तुमी. आता आराम." त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. दोन-तीन ठिकाणी विचारून आलो. त्यांच्यापर्यंत माझ्या आधी बातमी पोचली होती. सगळे आता माझ्याशी ओरडून बोलतात. त्याने ऐकू येत नाही. सगळे रागावलेत असं वाटतं, एवढंच.

स्टँडवर तू विचारलंस ते पत्रात वाचलं. ऐकलं असतं तर काय म्हणालो असतो, याचा पुष्कळ विचार केला. राहा म्हणालो असतो का? तुला समृद्धी आहे, घर आहे. माझ्याकडे तू राहून काय केलं असतंस? दोघांनी मिळून जिना धुतला असता. पण बॅग मी उत्तर म्हणून चढवली नव्हती. जड होती म्हणून चढवली. हे तुला माहीत असावं.

बुशरा हात बघायला आली होती. ती मला नारायणगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. दवाखान्यातून बाहेर आलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. टेम्पोवाला कांद्याचे भाव ओरडत होता. एसटी रिव्हर्स घेताना वाजते, ते मी विसरून गेलो होतो. बुशराचा आवाज तिच्या आईसारखा, नजमुन्निसासारखा झाला आहे. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. वाटेत मी तिला उगाच काहीबाही विचारत राहिलो. ती म्हणाली, "अब्बा, आज एवढं का बोलताय?"

ती संगमनेरला गेली. मी घरी आलो, दार लावलं, मशीन कानातच होतं. आतल्या खोलीत गेलो. स्वयंपाकघरात गेलो. माडीवर जाऊन आलो. पंखा बंद केला आणि उभा राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं की घर शांत आहे ते माझ्या कानांमुळे.

डॉक्टर म्हणाले होते, दिवसभर लावून ठेवा, सवय होईल. मी घरात लावत नाही. बाहेर जाताना लावतो.

हनीफ